वाळल्याशिवाय धुतलं म्हणायचं नाही!

ब्रेस्ट पंप कसा धुवायचा हे सांगणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. कसा वाळवायचा हे शिकवणारी मला एकच भेटली, आणि त्या शिकवणीने मी इतकी भारून गेले आहे की पलूसच्या स्टँडवर उभं राहून प्रत्येक पोटुशीला थांबवून सांगावं असं वाटतं. पंपाचे भाग साबणाने चकचकीत धुतले म्हणजे काम झालं असं नाही. निम्मं झालं! उरलेलं निम्मं वाऱ्याने करायचं आहे. सांध्यातला, आट्यांमधला, व्हॉल्व्हच्या चिरेतला शेवटचा थेंब उडून गेला, भाग खडखडीत वाळला, की मग तो स्वच्छ. तोवर तो फक्त ओला आहे.

एवढीशी गोष्ट! पण ती समजली आणि माझे बाळंतपणानंतरचे सगळे दिवस सोपे होऊन गेले.

आमची लेक वेळेआधी आली. सांगलीला एका दवाखान्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तिला ठेवलं होतं. अंगावर ओढून प्यायची ताकदच तिच्या जबड्यात नव्हती. दूध काढायचं, मोजायचं आणि नळीने थेंब थेंब तिच्या पोटात पोचवायचं. तिथल्या एका सिस्टरने मला आधी हाताने दूध काढायला शिकवलं, मग पंप लावायला शिकवलं, आणि घरी सोडायच्या दिवशी एका टेबलापाशी नेलं. टेबलावर जाळीचा ट्रे होता. त्यावर फनेल, व्हॉल्व्ह, बाटल्या, टोपणं, सगळं सुटं सुटं, एकमेकांना न टेकता, उपडं मांडलेलं. मी हातातला स्वच्छ रुमाल पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "पुसायचं नाही, ताई. धुतल्यालं भांडं फडक्यानं पुसलं की फडक्यावरचं सगळं भांड्यावर आलं की ओ! आपलं आपण वाळू दे त्याला."

त्या वाक्याने माझ्या डोक्यात जो दिवा लागला तो अजून विझलेला नाही. लहानपणापासून आपण ताट-वाटी पुसून मांडणीत लावण्यालाच टापटीप म्हणत आलो. आणि इथे, सगळ्यात नाजूक बाळाच्या बाबतीत, टापटीप म्हणजे हात मागे घेणं! अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या पंपाच्या सूचनांमध्येही हेच सांगितलेलं मी नंतर वाचलं: भाग स्वच्छ, न वापरलेल्या कापडावर ठेवून हवेवर वाळू द्या, फडक्याने घासू नका, टिपूही नका, कारण फडक्यावरचे जंतू भागांवर येतात. सिस्टरच्या तोंडचं आणि त्या सूचनांमधलं तंतोतंत एक!

घरी आले आणि दुसरा आनंद वाट बघत होता. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर जो कारखाना उभा केला, तो आज आमच्याच पलूस तालुक्यात आहे, आणि पंप हीच त्याची ओळख आहे. मामांचं सगळं आयुष्य पंपांत गेलेलं. सुनेच्या या पंपाकडे बघायला पहिले दोन दिवस ते संकोचले. मग आत्तींनी, माझ्या सासूबाईंनी, धुतलेले भाग ठेवलेला ट्रे त्यांच्यासमोर नेला. मामांनी चष्मा लावला, हात न लावता वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला! "अगं, ह्यो तर आपला फूटव्हॉल!"

खरंच की! विहिरीत किंवा नदीत सोडलेल्या पाइपच्या तळाशी जो फूटव्हॉल असतो, तो पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. इथे बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा मऊ व्हॉल्व्ह तेच काम करतो. मोटर हवा ओढते, व्हॅक्यूम तयार होतो, चोच घट्ट मिटते आणि ओढ फनेलमध्ये लागते, दूध येतं. मोटर ओढ सोडते, चोच उघडते, दूध खाली बाटलीत पडतं. मिटणं, उघडणं, मिटणं, उघडणं, मिनिटाला कितीतरी वेळा! बऱ्याच पंपांत फनेल आणि नळी यांच्यामध्ये सिलिकॉनची आणखी एक वाटी असते, डायफ्राम. ती हवेची ओढ पुढे पोचवते, पण दुधाला नळीत शिरू देत नाही. मामांनी कागदावर पेन्सिलीने आकृती काढून मला हे समजावलं, आणि म्हणाले, "व्हॉल्व्हाला चीर पडली की पंप गेला. ह्येला ब्रश खुपसू नको, बोटानं चोळ." चिंचोळ्या चिरेला केसाएवढा जरी तडा गेला, तरी ओढ कमी होते आणि दूध कमी येऊ लागतं. बाईला वाटतं, आपलंच दूध आटलं! दोष असतो सिलिकॉनच्या एका पातळ ओठाचा. पंप कळला की ही भीतीच उरत नाही.

आणि हा विजेचा पंप घडवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत एक नामांकित बुद्धिबळपटू होता हे कळल्यावर तर मला मामांना कधी सांगू असं झालं! एडवर्ड लास्कर, पेशाने इंजिनिअर. 1920 च्या दशकात त्याने अमेरिकेत विजेवर चालणारा ब्रेस्ट पंप तयार केला. पुढे 1956 मध्ये स्वीडनचा इंजिनिअर आयनर एग्नेल याने बाईला कमी त्रास होईल असा सुधारलेला पंप पुढे आणला. म्हणजे पंपाशी झटणारी इंजिनिअर मंडळी फक्त नदीकाठच्या मोटारींवरच काम करत नव्हती!

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? मामांच्या आकृतीमुळे पाणी कुठे लपतं ते मला दिसायला लागलं. चोचीच्या चिरेत. डायफ्रामच्या कडेच्या घडीत. बाटलीच्या आट्यांमध्ये. फनेलच्या मानेत, जिथे तो पुढच्या भागाला जोडला जातो. म्हणून तर प्रत्येक वेळी सगळं सुटं करायचं! जोडलेला पंप बाहेरून कितीही धुवा, या चार जागी दुधाचा पापुद्रा आणि पाण्याचा थेंब एकत्र बसलेला असतो. आणि दूध अधिक ओल म्हणजे जंतूंची चैन. अनुकूल उबेत ई-कोलाय जातीचा जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे 512! आणि तीन तासांनी तर आपण पुन्हा पंप लावायला बसतो. हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि त्या दिवसापासून "नंतर धुऊ" हा शब्दच घरातून गेला.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये 2016 साली वेळेआधी जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूचा गंभीर संसर्ग झाला. शोध घेतला तेव्हा तो जंतू घरच्या पंपाच्या भागांत आणि काढून ठेवलेल्या दुधातही सापडला. पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात तासन् तास भिजत राहायचे, मग नुसते विसळले जायचे. त्यानंतरच सीडीसीने पंप धुण्यावाळवण्याच्या सविस्तर सूचना काढल्या. मी ही घटना घाबरवायला सांगत नाही. भिजत ठेवणं म्हणजे स्वच्छता नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे दुसरं काही सांगत नाही, म्हणून सांगते. आणि उपाय काय, तर दर वेळची काही मिनिटं! केवढी सुटका आहे ही!

आता आमच्या घरची पद्धत सांगते. आधी हात साबणाने 20 सेकंद. पंप लावायच्या आधीही आणि धुवायच्या आधीही. दूध काढून झालं की दुधाच्या बाटलीला टोपण लावून तारीख-वेळ लिहून ती फ्रिजमध्ये, आणि लगेच पंप सुटा. ज्या भागांना दूध लागतं ते सगळे आधी नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचे. एकदम कढत पाणी नाही, कारण गरम पाण्याने दुधातलं प्रथिन भांड्याला धरून बसतं. आमच्या तालुक्यात भिलवडीला 1939 पासून चितळ्यांची डेअरी आहे, घरोघरी म्हशी आहेत. दुधाची किटली आधी साध्या किंवा कोमट पाण्याने विसळायची आणि मग गरम पाणी घालायचं हे इथल्या बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही. आत्ती म्हणाल्या, "आमी किटलीला जे करतो त्येच की गं हे!" आणि त्या क्षणापासून पंप धुणं हे माझं एकटीचं काम राहिलं नाही.

मग साबण. यासाठी एक वेगळं स्टीलचं तसराळं, पंपापुरतंच. मोरीत किंवा सिंकमध्ये भाग टाकायचे नाहीत. तिथे खरकटं, भाजीची माती, मटणाचं पाणी, सगळं आलेलं असतं. तसराळ्यात गरम पाणी, भांड्यांचा साधा साबण आणि पंपापुरताच ठेवलेला मऊ ब्रश. तारेची घासणी अजिबात नाही. प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि जंतूंना त्या ओरखड्यांत घर मिळतं. व्हॉल्व्ह आणि डायफ्राम मामांच्या सांगण्याप्रमाणे बोटांनी. मग पुन्हा वाहत्या पाण्याखाली साबण निघेपर्यंत. आमच्या बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरा थर सोडणारं, म्हणून शेवटचं विसळणं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने. भाग काचेसारखे स्वच्छ निघतात! तसराळं आणि ब्रशही दर दोन-चार दिवसांनी नीट धुऊन, त्यांनाही वाळवायचं. ओला ब्रश कोपऱ्यात पडून राहिला तर सगळी मेहनत वाया.

आणि आता माझा आवडता भाग. वाळवणं!

पलूस-तासगाव भागात फिरलेल्या कुणालाही बेदाण्याचं शेड माहीत आहे. द्राक्षं उन्हात टाकत नाहीत; वर छप्पर, बाजू मोकळ्या, आणि आत जाळीचे थरावर थर. मणी जाळीवर पसरलेले, खालून वारा, वरून वारा, चारी बाजूंनी वारा. सावलीत, धूळ न लागता, ओल हळूहळू निघून जाते आणि बेदाणा सोनेरी राहतो. मी आमच्या स्वयंपाकघरात अगदी तेच केलं! उंच पायांची जाळी, खाली रोज बदलायचं धुतलेलं सुती कापड, थेंब टिपून घ्यायला. भाग जाळीवर सुटे, उपडे, एकमेकांना न टेकता. व्हॉल्व्ह चोच खाली करून. फनेल रुंद तोंड खाली करून. बाटल्या तिरप्या, म्हणजे तोंडाखालून हवा आत शिरते. मांडायच्या आधी प्रत्येक भाग एकदा जोरात झटकायचा. निम्मं पाणी तिथेच जातं. वरून माश्या बसू नयेत म्हणून जाळीचंच झाकण, पण हवा अडवणारं ताट किंवा डबा नाही. खिडकी जवळ, पण रस्त्याकडची नाही.

आणि ते वाळताना बघणं! एप्रिलच्या दुपारी बघता बघता भाग कोरडे होतात. श्रावणात हवाच ओलसर असते तेव्हा पंखा लावला तरी वेळ लागतो, चोचीची चीर सगळ्यात शेवटी सुटते. म्हणून मी तिच्याकडेच बघते. स्वच्छ धुतलेल्या हातांनी चोच हलकेच दाबायची. आत थेंब चमकला तर अजून थांबायचं. पूर्ण वाळल्यावरच भाग झाकणाच्या स्वच्छ डब्यात. ओला भाग डब्यात कोंडला तर झाकणाला आतून वाफ धरते आणि आपण दोन दिवसांनी कुबट वास घेत बसतो.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ, वेळेआधी जन्मलेलं बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ, यांच्यासाठी धुण्याबरोबरच दिवसातून एकदा उकळणं हवं. आधी धुवायचं, मग उकळायचं. न धुता उकळलं तर दुधाचा थर शिजून चिकटतो. पंपाबरोबर आलेल्या कागदावर कुठले भाग उकळता येतात ते बघायचं, ते पातेल्यात पूर्ण बुडवायचे आणि पाणी खळखळायला लागल्यापासून 5 मिनिटं. मग स्वच्छ चिमट्याने काढून पुन्हा जाळीवर. उकळलेला भागही वाळलाच पाहिजे! लेक मोठी झाली, अंगाने भरली, तसं डॉक्टरांना विचारून रोजचं उकळणं आम्ही कमी केलं. धुणं आणि वाळवणं मात्र प्रत्येक वेळी.

मोटर आणि नळी हा वेगळा विषय. मोटर पाण्यात कधीच नाही, बाहेरून पुसायची. नळीतून फक्त हवा जाते, म्हणून दूध शिरलं नसेल तर तिला रोज धुवायची गरज नाही. आत वाफेचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर नळी जोडून पंप काही मिनिटं नुसता चालू ठेवायचा. हवा ये-जा करते आणि नळी आतून कोरडी होते! पंपच स्वतःला वाळवतो हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मामांना हाक मारून दाखवलं. नळीत काळे ठिपके, म्हणजे बुरशी दिसली तर मात्र धूत बसायचं नाही, टाकायची आणि नवी घ्यायची.

काही जणी दोन वेळांच्या मध्ये न धुतलेले भाग पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. फ्रिज जंतूंची वाढ मंद करतो, त्यांना मारत नाही. आमच्यासारख्या वेळेआधीच्या बाळाच्या आईने त्या वाटेला जाऊच नये. त्यापेक्षा माझ्या मते सगळ्यात सुंदर उपाय म्हणजे दुसरा संच! मोटर एकच, पण फनेल, व्हॉल्व्ह, डायफ्राम आणि बाटलीची दुसरी जोडी. एक वापरात, एक जाळीवर. वाळायची घाई नाही, पुसायचा मोह नाही, रात्री दोन वाजता ओला पंप हातात घेणं नाही. रजा संपून मी पतसंस्थेतल्या कामावर परतले तेव्हा हा दुसरा संच डब्यात कोरडा घेऊन जाऊ लागले. दुपारी वापरलेला संच तिथेच वाहत्या पाण्याखाली धरून, साबण लावून, धुऊन आणायचा आणि घरी पुन्हा नीट धुऊन जाळीवर. खोलीतल्या साधारण 25 अंशांच्या तापमानात काढलेलं दूध 4 तास टिकतं, फ्रिजमध्ये 4 दिवस. आमच्या उन्हाळ्यात तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणून बर्फाच्या पिशव्यांचा छोटा थर्मासही सोबत. आणि पाजायचं वाटी-चमच्याने. बाटलीच्या बुचापेक्षा वाटी धुवायला सोपी, आणि वाळायलाही!

आईच्या दुधाच्या प्रत्येक थेंबाची अशी काळजी घ्यायची मोठी परंपरा आपल्याच महाराष्ट्रात आहे, हे कळून माझा ऊर भरून आला. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दुग्धपेढ्यांत दान आलेलं दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं ठेवून निर्जंतुक करतात, आणि मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी चिमुकल्या बाळाला मिळतं. तिथली यंत्रं मोठी, आपली जाळी छोटी. पण स्वच्छतेचा आग्रह एकच, आणि तो पलूसच्या स्वयंपाकघरात पंधरा-वीस मिनिटांच्या कामात पाळता येतो.

म्हणून आता माझं मागणं वाढलं आहे! 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली. पण सत्ताविसाव्या आठवड्यात बाई कामावर येते तेव्हा तिला काय लागतं? दाराला कडी असलेली एक छोटी खोली, विजेचा एक प्लग, नळ, साबण, तसराळं आणि झाकणाची एक जाळी. एवढंच! आमच्या पतसंस्थेत मी हे मांडलं आणि फायलींची एक अडगळीची खोली रिकामी झाली. जाळी मामांनी स्वतः बनवून दिली. पलूसच्या एमआयडीसीत, शाळांत, बँकांत, पंचायत समितीत, तहसीलदार कचेरीत हे का होऊ नये? बाळंतिणीला भेटायला जाताना झबलं-टोपडं न्यालच. त्याबरोबर तिच्या पंपाच्या मापाचा दुसरा संच आणि एक चांगली जाळी न्या. तिच्या नवऱ्याला, सासऱ्यांना, दिराला व्हॉल्व्ह सुटा करायला शिकवा, जाळीवर मांडायला शिकवा. दूध आईनेच द्यायचं असतं, पण भांडी कुणीही वाळवू शकतं!